नागपुरात कापड रंगवणं, रेशमावरची चित्रं आणि गोधडी शिकताना: नव्यांसाठी पायरी-पायरीने

सकाळी टाय-अँड-डाय, दुपारी सिल्क पेंटिंग आणि संध्याकाळी क्विल्टिंग, असं सगळं एका रविवारी शिकवणाऱ्या कार्यशाळा नागपुरात धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत कुठे ना कुठे होत असतात. माणसं हौसेने जातात, एक छान स्कार्फ घेऊन घरी येतात आणि पुढच्या आठवड्यात स्वतः करायला बसली की रंग पाण्यात वाहून जातो. हात वाईट म्हणून असं होत नाही. कार्यशाळेत कापड आधीच धुतलेलं असतं, रंग कालवून बाटल्यांत भरलेले असतात, सोडा कुणीतरी मोजून टाकलेला असतो. शिकायची गोष्ट नेमकी तीच असते, आणि ती तुम्ही पोचण्याआधी होऊन गेलेली असते.

मी हे तिन्ही प्रकार नागपुरात राहूनच शिकले आणि आता घरी नियमित करते. नवीन माणसाला नक्षी शिकवणारे खूप भेटतात. कापड कसं निवडायचं, पाणी कोणतं घ्यायचं, आपल्याकडच्या हवेत रंग कसा वागतो, हे सांगणारे कमी. म्हणून या लेखात भर त्यावर आहे.

## १. कोणत्या क्रमाने शिकायचं ते ठरवा

आधी रंगाई, मग रेशमावरचं चित्र, शेवटी गोधडी, असा क्रम मी सुचवेन. रंगाईत कापड धुणं, वजन करणं, रंग पक्का करणं हे हातात बसतं आणि ते रेशमावर तसंच उपयोगी पडतं. गोधडी शेवटी, कारण तोवर तुमच्याकडे स्वतः रंगवलेले बरेच तुकडे साठलेले असतात. ते जोडून केलेल्या पहिल्या गोधडीचा आनंद विकतच्या कापडाला येत नाही.

तुम्हाला फक्त गोधडीतच रस असेल तर सरळ तिथून सुरुवात करा, काही बिघडत नाही. मात्र तिन्ही एका दिवसात उरकणाऱ्या कार्यशाळेला पैसे भरू नका. सुती कापडावरचा रंग रात्रभर मुरावा लागतो आणि रेशमावरच्या चित्राला वाळून मग इस्त्री किंवा वाफ घ्यावी लागते. एका दिवसात हे बसत नाही, म्हणून मग ते गाळलंच जातं.

## २. पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा

फोनवर विचारायला संकोच करू नका. चांगली शिक्षिका या प्रश्नांनी खूश होते.

रंग कोणता वापरणार? उत्तरात नाव यायला हवं: कोल्ड ब्रँड रिॲक्टिव्ह (न उकळता सुती धाग्याशी जोडला जाणारा), नॅप्थॉल, ॲसिड रंग (रेशीम-लोकरीचा) की नैसर्गिक रंग. नुसतं "फॅब्रिक कलर" म्हणाले तर तो बहुधा कापडाच्या वर बसणारा, ब्रशने लावायचा रंग असतो. त्यात वाईट काही नाही, फक्त ती रंगाई नव्हे. रंगाईत रंग धाग्याच्या आत जातो आणि कापडाचा मऊपणा टिकतो. बाटिकच्या वर्गात बऱ्याचदा नॅप्थॉल असतो. त्यात कॉस्टिक सोडा लागतो, त्यामुळे हातमोजे आणि मोकळी हवा नसेल तर तिथे जाऊ नका, आणि लहान मुलांना तर नेऊच नका.

माप वजनाने शिकवणार की अंदाजाने? "दोन चिमूट रंग, मूठभर मीठ" असं शिकलात तर तीच छटा पुन्हा कधीच येणार नाही.

कापड धुण्यापासून आम्हीच करणार का? हो म्हणाले तर डोळे मिटून जा.

रेशमाचं चित्र पक्कं कसं करणार? इस्त्रीने की वाफेने, ते आधीच कळलं पाहिजे.

एका शिक्षिकेमागे किती जण, आणि शिलाई मशीन किती जणांत एक? रेशीम आणि गोधडीला आठ-दहा जणांहून मोठा वर्ग नको. एका मशीनवर दोघी ठीक आहेत. चौघी असल्या तर अर्धा दिवस वाट बघण्यात जातो.

फीमध्ये साहित्य आहे की वेगळं, केलेली वस्तू घरी नेता येते का, तारीख रद्द झाली तर पैसे परत मिळतात का, हे तिन्ही मेसेजमध्ये लिहून घ्या आणि पावती मागा.

## ३. हवा बघून तारीख घ्या

ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शकांत सापडणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. रिॲक्टिव्ह रंगाला ऊब आवडते, पण त्याची धाग्याशी गाठ पडते ती कापड ओलं असेपर्यंतच. कापड वाळलं की काम थांबलं. म्हणून उन्हाळ्यात रंग लावलेलं कापड उघडं ठेवू नका, लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. थंडीत उलट. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री रंग सुस्तावतो. कोमट पाणी वापरा आणि पिशवी दिवसा उन्हाच्या कवडशात ठेवा.

रेशमावरच्या चित्राला उन्हाळा त्रासदायक. रंग पसरायच्या आत कडेने वाळतो आणि नको तिथे गडद रेघ उठते. त्यात कुलर सुरू असेल तर रंग वाऱ्याने ढकलला जातो आणि बारीक तुषार उडून डाग पडतात. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो आणि मिठाचे परिणाम नीट उमटत नाहीत, कारण मीठच ओलसर झालेलं असतं. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ रेशमाला उत्तम. मांडीवर पसरून गोधडी टाचायलाही तेच दिवस बरे.

पळसाच्या फुलांचा नैसर्गिक रंग शिकायचा असेल तर मात्र फेब्रुवारी-मार्च सोडून चालणार नाही. विदर्भातला पळस त्याच दिवसांत फुलतो.

## ४. कापड घ्यायला गांधीबाग

गांधीबागच्या कापडबाजारात जायला मेट्रोने अग्रसेन चौक किंवा चितारओळी चौक स्टेशनला उतरा आणि चालत जा. तिथल्या अरुंद गल्ल्यांत गाडी नेली की पार्किंग शोधण्यात वेळ जातो. थोड्याच कापडाचं काम असेल तर घराजवळचं मॅचिंग सेंटर पुरतं. तिथे मलमल, केंब्रिक, पॉपलीन आणि अस्तराचं कापड मिळतं.

दुकानात "कॉटन दाखवा" एवढंच म्हणू नका. "भाऊ, रंगवायचंय, शंभर टक्के सुती पाहिजे, मिक्स नको" असं स्पष्ट सांगा. ब्लाउजपिसांच्या कापडात पॉलिएस्टरची भेसळ सर्रास असते, आणि पॉलिएस्टरवर आपले घरगुती रंग चढतच नाहीत. रंगाईसाठीच तयार केलेलं कापड हवं असेल तर "आरएफडी" मागा, ठोक व्यापाऱ्यांना हा शब्द माहीत असतो. मांजरपाट स्वस्त पडतो, सरावाला चांगला, पण त्यात खळ आणि कापसाचे कण खूप असल्याने धुलाईला मेहनत पडते.

शंका असेल तर दोन-चार धागे काढून घरी चिमट्यात धरून जाळून बघा, खाली पाण्याची वाटी ठेवून. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राखाडी मऊ राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. दुकानदाराच्या शब्दापेक्षा या परीक्षेवर विश्वास ठेवा.

रेशमात नवशिक्यांनी पांढरं पातळ हाबोताई घ्यावं. बाजारात ते चायना सिल्क म्हणून मिळतं. विदर्भात राहून पहिल्याच दिवशी कोसा रेशमावर चित्र काढायचा मोह होतो, तो मी समजू शकते. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या अळ्यांचं हे रेशीम, भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगाव-मोहाडीच्या मागावर विणलेलं, करवतकाठी साडीचं वस्त्र. पण कोसा मुळातच मधाळ रंगाचा असतो. त्यावर निळा लावला की हिरवट दिसतो, आणि पोत जाडाभरडा असल्याने बारीक रेघ फुटते. हात बसल्यावर कोशाकडे जरूर वळा. तेव्हा त्याचा रंग अडचण वाटत नाही, चित्राचाच भाग होतो.

## ५. सोबत काय न्यायचं

खाजगी कार्यशाळेला कागदपत्रं लागत नाहीत, फी भरल्याचा मेसेज पुरतो. सरकारी किंवा बँकेच्या प्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेत असाल तर हे तयार ठेवा:

- आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स
- शाळा सोडल्याचा दाखला किंवा शेवटची गुणपत्रिका, कारण वयाची अट असू शकते

आणि कार्यशाळा कोणतीही असो, पिशवीत हे असू द्या:

- रबरी हातमोजे, जुना ॲप्रन किंवा जुना सदरा, धूळ अडवणारा मास्क
- एकेका ग्रॅमचा फरक दाखवणारा छोटा काटा
- जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि दोन जुने टॉवेल
- वही, पेन, स्टेपलर
- कात्री, टेप, टाचण्या, न पुसणारा मार्कर

काटा नेलात तर लोक बघतील. बघू द्या. शिक्षिका चमच्याने घालत असेल तेव्हा तिचा चमचा तुमच्या काट्यावर रिकामा करून वजन लिहून घ्या. तो आकडा पुढे वर्षानुवर्षं कामी येतो.

## ६. रंगाईचा दिवस

इथे मी सविस्तर लिहितेय, कारण सगळ्यात जास्त कापड इथेच वाया जातं. खालची पद्धत सुती कापड आणि कोल्ड ब्रँड रिॲक्टिव्ह रंगासाठी आहे.

धुलाई. नव्या कापडात खळ आणि तेलकटपणा असतो. मोठ्या पातेल्यात पाणी, दर लिटरला दोन ग्रॅम सोडा ॲश (धुण्याच्या सोड्याची कोरडी पूड) आणि थोडा साबण घालून कापड अर्धा-पाऊण तास मंद उकळा, मग स्वच्छ पाण्याने खळबळा. कम्फर्टसारखं मऊ करणारं द्रव अजिबात नको. वाळल्यावर एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला गेला तर धुलाई झाली. मण्यासारखा बसून राहिला तर पुन्हा उकळा.

पाणी. महानगरपालिकेच्या नळाचं घ्या. बोअरचं पाणी बहुतेक भागांत जड असतं. त्यातल्या क्षारांमुळे रंग मळकट दिसतो आणि ठिपके पडतात. बोअरशिवाय इलाज नसेल तर सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट ही पावडर दर लिटरला एक-दोन ग्रॅम घाला. रसायनांच्या दुकानात मिळते.

बांधणी. कापड ओलसर असताना घड्या घाला, पीळ द्या, दोरा किंवा रबर घट्ट आवळा. नक्षी कार्यशाळेत छान शिकवतात, म्हणून इथे थांबत नाही. एवढंच सांगते की नवीन माणूस दोरा नेहमी सैल बांधतो.

सोडा. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम सोडा ॲश विरघळवा आणि बांधलेलं कापड वीस मिनिटं बुडवून ठेवा. मग दोरे न सोडता पिळून घ्या. हातमोजे हवेतच, सोडा कातडी सोलवटतो. इथला मोठा सापळा म्हणजे खाण्याचा सोडा. त्याने रंग पक्का होत नाही. धुण्याच्या सोड्याचे खडे चालतात, पण त्यात पाणी धरलेलं असल्याने ते सोडा ॲशच्या पावणेतीन पट वजनाने घ्यावे लागतात.

रंग कालवणं. पंखा बंद करा आणि मास्क लावा. ही कोरडी भुकटी श्वासातून जाऊन काहींना दम्यासारखा त्रास देते, आणि एकदा ॲलर्जी जडली की ती सुटत नाही. दमा असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी भुकटी हाताळूच नये, कालवलेला रंग दुसऱ्याकडून घ्यावा. पाव लिटर पाण्यात २५ ग्रॅम युरिया विरघळवा. युरियामुळे कापड जास्त वेळ ओलं राहतं, आपल्या कोरड्या हवेत त्याची फार मदत होते. पाच ग्रॅम रंग आधी चमचाभर पाण्यात मळून घ्या, मग हे युरियाचं पाणी घाला. गडद छटेसाठी रंग दुप्पट. काळा नेहमीच जास्त लागतो.

कालवलेला रंग थंड जागी दोन-चार दिवस टिकतो. त्यात सोडा पडला की तासाभरात जोर ओसरतो. कार्यशाळेत बाटल्यांत सोडा आधीच मिसळलेला असेल तर भराभर काम करा. दुपारच्या तुकडीला सकाळच्या बाटल्या मिळत असतील तर नवीन मागा.

मुरवणं. पिशवीत घालून तोंड बांधा आणि रात्रभर, जमलं तर पूर्ण दिवस ठेवा. उघडून बघायची घाई करू नका.

शेवटची धुलाई. आधी बांधलेल्या अवस्थेतच थंड वाहत्या पाण्यात सोडा काढून टाका. मग दोरे सोडा, पुन्हा थंड पाणी. त्यानंतर साबण घालून खूप गरम पाण्यात भिजवा, हात घालवणार नाही इतक्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. धाग्याला न धरलेला रंग याच गरम पाण्यात निघतो. ही पायरी टाळली तर तो पुढे महिनाभर दुसऱ्या कपड्यांवर लागत राहतो.

एकाच रंगात आख्खं कापड बुडवायचं असेल तर १०० ग्रॅम कोरड्या कापडाला असं घ्या: दोन लिटर पाणी, दोन ते चार ग्रॅम रंग, १०० ग्रॅम मीठ, ४० ग्रॅम सोडा ॲश. रंग आणि मीठ घालून अर्धा तास हलवत राहा, मग कापड बाजूला काढून सोडा वेगळा विरघळवून घाला आणि आणखी तासभर हलवा. मिठाचं काम रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलणं एवढंच. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो, असं घरोघरी सांगतात. सुती कापडावर या रंगाला पक्का करतो तो सोडा. व्हिनेगरचं काम रेशीम-लोकरीच्या ॲसिड रंगांत असतं.

रंगाईची भांडी, चमचे, बादली पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नयेत. त्यांवर मार्करने खूण करून ठेवा.

नैसर्गिक रंग. याची स्वतंत्र कार्यशाळा घ्या, रासायनिकच्या शेपटाला जोडलेली नको. सुती कापडाला आधी हिरडा पाजावा लागतो: १०० ग्रॅम कापडाला २० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात, रात्रभर. सावलीत वाळवून, न धुता, १५ ग्रॅम तुरटीच्या पाण्यात पुन्हा रात्रभर. त्यानंतरच रंग. पळसाची झाडाखाली पडलेली फुलं वेचा, फांद्या ओरबाडू नका. सावलीत वाळवली की वर्षभर टिकतात. कापडाइतक्याच वजनाची फुलं उकळून गाळलेल्या पाण्यात तुरटीचं कापड पाऊण तास मंद आचेवर ठेवलं की उबदार पिवळा येतो. मंजिष्ठा लाल देते, डाळिंबाची सालं गडद पिवळा, आणि हिरड्याच्या कापडाला लोखंडाचं पाणी दाखवलं की काळपट राखाडी. लोखंड अगदी थोडं घ्या, जास्त झालं तर कापड कुजतं. बीट आणि हळदीने सुरुवात करायला सांगणाऱ्या कार्यशाळेवर माझा विश्वास नाही. बीट धुण्यात जातं, हळद उन्हात उडते.

## ७. रेशमावर चित्र

रेशीम बाळाच्या शाम्पूने धुऊन, ओलसर असतानाच इस्त्री करा. चौकटीवर ताणताना तीन टोकांच्या खास पिना वापरा, साध्या टाचण्यांनी कापड फाटतं. बोटाने टिचकी मारली तर ढोलकीच्या पुडीगत ताठ वाटलं पाहिजे. सैल राहिलं तर रंग मधोमध साचतो.

मग गुट्टा, म्हणजे रंग अडवणारी रेघ. बाटलीचं टोक कापडाला टेकवून सावकाश ओढा. प्रत्येक आकार बंद झाला पाहिजे. रेघ वाळल्यावर चौकट उजेडात धरून मागच्या बाजूने बघा. सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी तिथून रंग शेजारच्या पाकळीत शिरतो. फट दिसली तर रेघ पुन्हा द्या आणि पुन्हा वाळू द्या. घाईचं फळ इथे लगेच दिसतं.

रंग लावताना ब्रश रेघेपासून दूर, आकाराच्या मध्यावर टेकवा. रंग स्वतःच रेघेपर्यंत धावत जातो. छटा हव्या असतील तर आधी साध्या पाण्याने ओलं करून घ्या. रंग ओला असताना जाड मिठाचे खडे टाकले की मीठ पाणी ओढतं आणि फुलासारख्या नक्ष्या उमटतात. वाळल्यावर मीठ झटका.

रेशमाचे रंग दोन जातींचे, आणि घोळ इथेच होतो. एक इस्त्रीने पक्का होणारा. चोवीस तास वाळवून उलट्या बाजूने रेशमाच्या तापमानावर दोन-तीन मिनिटं इस्त्री फिरवायची. नवशिक्यांना हाच बरा, फक्त कापड थोडं ताठर होतं. दुसरा वाफेने पक्का होणारा, ज्यात रेशमाची चमक आणि सुळसुळीतपणा तसाच राहतो. त्यासाठी चित्र कोऱ्या कागदात गुंडाळायचं, वर्तमानपत्रात नको, कारण त्याची शाई उमटते. गुंडाळी वाफेच्या भांड्यात पाण्याच्या बऱ्याच वर ठेवायची, वरून जाड टॉवेल टाकायचा म्हणजे झाकणावरचे थेंब पडत नाहीत, आणि तास-दीड तास वाफ द्यायची. एक थेंब पडला तरी तिथे गोल डाग कायमचा. हे भांडंही पुन्हा स्वयंपाकाला नाही.

कार्यशाळेत कोणत्या जातीचा रंग वापरला ते बाटलीवरून वाचून लिहून घ्या. वाफेचा रंग फक्त इस्त्री करून धुतला तर आख्खं चित्र पाण्यात जातं.

## ८. गोधडी आणि क्विल्ट

आजीची गोधडी आणि कार्यशाळेतलं क्विल्ट यांत मापाचा फरक आहे. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर अंथरून कडेपासून आत धावदोरा घालत जातात, कापड जसं असेल तसं. क्विल्टमध्ये आधी तुकडे मापात कापून जोडायचे, मग तीन थर: वरचा जोडलेला, मधला भरावाचा, खालचा अस्तराचा. दोन्ही शिका. हाताचा धावदोरा आधी शिकलात तर मशीनवरही कापड कसं सरकतं ते समजतं.

पहिलं काम उशीचा अभ्रा ठेवा, पलंगपोस नको. साडेपाच इंचांचे नऊ चौकोन कापा, पाव इंचाच्या शिवणीने जोडा. चारी बाजू शिवल्यावर पंधरा इंचांचा अभ्रा मिळतो. पाव इंच म्हणजे पावच इंच. एका शिवणीत दोन्ही तुकड्यांचं मिळून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त गेलं तर वाटतं काय फरक पडतो. पलंगपोसाच्या एका ओळीत वीस शिवणी असतात, म्हणजे अडीच इंच कमी, आणि शेजारची ओळ जुळत नाही. मशीनच्या पट्टीवर पाव इंचावर चिकटपट्टी लावून घ्या आणि कापड तिला घासून चालवा.

प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री, शिवण गडद कापडाकडे दाबून. इस्त्री फिरवू नका, ठेवा आणि उचला, फिरवली की चौकोन तिरके ओढले जातात. सगळं कापड आधी धुतलेलंच हवं, तुमचं स्वतः रंगवलेलं असेल तर दोनदा. लाल आणि गडद निळ्याचा एक तुकडा पांढऱ्यासोबत ओला ठेवून बघा, डाग पडला तर तो गोधडीत नको.

भरावासाठी दुकानात पॉलिएस्टरची वॉडिंग शीट मिळते. शिवायला सोपी, पण आपल्याकडे मार्चनंतर अंगावर घेववत नाही. गादीवाल्याकडून पिंजलेला कापूस आणला तर दोन-तीन इंचांवर टाके हवेत, नाहीतर धुतल्यावर गोळे होतात. नागपूरच्या हवेला मला सगळ्यात योग्य वाटतो तो जुन्या सुती साडीचा भराव. हलका, घाम टिपणारा, दुपारभरात वाळणारा.

थर लावताना अस्तर फरशीवर ताणून चिकटपट्टीने पक्कं करा, त्यावर भराव, त्यावर जोडलेला भाग. वीतभर अंतरावर सेफ्टी पिना लावा किंवा कच्चा टाका घाला. टाके नेहमी मधून कडेकडे. कडेकडून मध्ये आलात तर फुगा जमतो आणि तो जिरवायला जागाच उरत नाही. मशीनवर टाका थोडा लांब ठेवा, आणि तिन्ही थर एकदम ओढणारा वॉकिंग फूट मिळाला तर वापरा. शेवटी अडीच इंच रुंदीच्या पट्टीचा दुहेरी गोट.

## ९. घरी आल्यावर

आठ दिवसांच्या आत तीच गोष्ट घरी पुन्हा करा, त्याच मापाने, नवीन प्रयोग न करता. वहीत कापडाचा तुकडा स्टेपल करून त्याखाली लिहा: कापडाचं नाव आणि दुकान, वजन, रंगाचं नाव आणि ग्रॅम, पाणी कुठलं, महिना, किती तास मुरवलं. अर्धा तुकडा झाकून अर्धा खिडकीच्या उन्हात महिनाभर ठेवा. कोणता रंग टिकाऊ ते नागपूरच्या उन्हाइतकं स्पष्ट कुणी सांगत नाही.

उरलेलं रंगाचं पाणी भरपूर साध्या पाण्यात मिसळून मोरीत सोडा. झाडांना घालू नका, सोडा आणि मीठ मुळांना मारतात.

## १०. पुढे कुठे

सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात हिवाळ्यात क्राफ्ट मेळा भरतो. वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर तिथे स्वतः बसलेले असतात. खरेदी संध्याकाळी करा, पण शिकायचं असेल तर दुपारी गर्दी नसताना जा आणि त्यांच्या कामाबद्दल आदराने विचारा. नागपुरात विणकर सेवा केंद्र आहे. त्याचं प्रशिक्षण मुख्यतः विणकरांसाठी असतं, तरी रंगाईचा पाठ्यक्रम केव्हा सुरू होणार आणि बाहेरच्यांना प्रवेश आहे का, हे तिथे जाऊन विचारावं. कोशाबद्दल जाणून घ्यायचं असेल तर राज्याचं रेशीम संचालनालयही नागपुरातच आहे.

नैसर्गिक रंगाची खादी हातात घेऊन बघायची असेल तर वर्ध्याच्या मगन संग्रहालयात जा. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेली ही संस्था आजही खादी आणि नैसर्गिक रंगाचं काम करते. रेल्वेने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. जाताना नमुन्यांची वही सोबत न्या. आपल्या पळसाच्या पिवळ्याचा तुकडा तिथल्या कापडाशेजारी ठेवून बघा, आणि फरक दिसला तर हिरडा किती, तुरटी किती, हे तिथेच विचारून वहीत लिहून घ्या.